अंगठा हलला, पण कशामुळे?

मागच्या अंकात मज्जारज्जूच्या इजेवर चाललेल्या संशोधनाबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, हे पुन्हा एकदा सांगते. सव्वीस वर्षं याच पेशंटांमध्ये गेली, त्यातली बरीचशी मोजण्यात. नव्या उपचाराची ट्रायल चालते तेव्हा एक माणूस असा लागतो, ज्याला औषध कोणाला मिळालं आणि कोणाला नाही हे मुद्दाम कळू दिलेलं नसतं. तो येतो, तपासतो, आकडे लिहितो आणि जातो. ते काम माझं. त्यामुळे ही उत्तरं मोजणारीची आहेत असं समजून वाचा.

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ सात आठवड्यांपूर्वी उंचावरून पडला. छातीखाली काहीच कळत नाही, रिपोर्टवर ‘कम्प्लीट, ग्रेड ए’ लिहिलंय. एक क्लिनिक स्टेम सेल देऊ म्हणतंय. त्यांचं म्हणणं, आमच्याकडच्या शंभरातल्या वीस जणांची ग्रेड सुधारली, आणि जपान सरकारनं याच उपचाराला मान्यता दिली आहे. उशीर केलात तर उपयोग नाही, असंही बजावलंय. घरात रोज वाद होतात.

तुमच्या पत्रातला वीसचा आकडा मी दोनदा वाचला, कारण तो माझ्या ओळखीचा आहे. त्याच्याकडे येण्याआधी ही ग्रेड ठरते कशी ते सांगते. रिपोर्टवरचं ते एक अक्षर (‘ए’ म्हणजे सगळ्यात गंभीर, पुढची अक्षरं त्याहून बरी) काढायला माझा जवळपास तास जातो.

शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ ठरलेल्या जागा आहेत. प्रत्येक जागी आधी कापसाचा हलका स्पर्श, मग सेफ्टी पिनचं टोक. पेशंटचे डोळे बंद. आधी गालावर टोचून दाखवायचं, म्हणजे ‘खरं टोचणं’ कसं लागतं ते त्याच्या लक्षात राहतं, मग खाली खाली जायचं. गालासारखंच लागलं तर २, वेगळं लागलं तर १, नाहीच तर ०. पिनचं टोक कुठलं आणि बोथट बाजू कुठली हे ओळखता आलं नाही तरी शून्यच. मग स्नायू : एका हाताचे पाच, एका पायाचे पाच, प्रत्येकाला ० ते ५. दोन्ही बाजू मिळून १०० गुण. आणि शेवटी, ज्याचा सगळ्यांना संकोच वाटतो ते, गुदद्वाराची तपासणी. मज्जारज्जूच्या अगदी तळाच्या नसा तिथे येतात. तिथे थोडी जरी जाणीव किंवा स्वतःहून आवळता येण्याइतकी ताकद असेल, तर इजा ‘कम्प्लीट’ नव्हे. भावाची ही तपासणी झाली होती का, कोणी केली, अपघातानंतर किती दिवसांनी, हे आधी विचारा. पहिल्या एकदोन दिवसांत, झोपेचं औषध चालू असताना, श्वासाची नळी घशात असताना काढलेली ग्रेड फार भरवशाची नसते.

आता ते वीस. ज्यांची ग्रेड सुरुवातीला नीट तपासून ‘ए’ ठरली, त्यांच्यातले साधारण २० टक्के पहिल्या वर्षात एखादी तरी ग्रेड वर सरकतात. अंदाजे निम्मे ‘बी’मध्ये, म्हणजे जाणीव येते पण हालचाल नाही, निम्मे ‘सी’मध्ये, म्हणजे थोडी हालचाल. हे कुठल्याही स्टेम सेलशिवाय. सूज उतरते, धक्क्यानं गप्प झालेल्या पण जिवंत राहिलेल्या नसा पुन्हा बोलायला लागतात. यातली बहुतेक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, मग वेग मंदावत जातो. तुमचा भाऊ सातव्या आठवड्यात आहे. या काळात त्याला साखरेचं पाणी टोचलं असतं तरी शंभरातले वीस सुधारलेच असते. ‘उशीर करू नका’ या आग्रहाकडे या नजरेनं एकदा बघा.

हे मी तावातावानं बोलते आहे असं वाटत असेल, तर एका खऱ्या ट्रायलचे आकडे देते. पेशंटच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या, त्याच्याच त्वचेच्या तुकड्याबरोबर वाढवून ‘जाग्या’ करायच्या आणि १४ दिवसांच्या आत मज्जारज्जूत टोचायच्या, असा एक उपचार होता. सुरुवातीच्या थोड्या पेशंटांत फार छान दिसला. मग तुलना करून पाहिलं. निकाल २०१२मध्ये छापून आला : उपचार मिळालेल्या २६ जणांपैकी ७ जणांची ग्रेड सुधारली. उपचार न मिळालेल्या १७ जणांपैकी १० जणांची. परत वाचा. ज्यांना काहीच टोचलं नव्हतं त्यांच्यात जास्त जण सुधारले. याचा अर्थ उपचारानं नुकसान केलं असा नाही, लहान गटांत असे योगायोग होतात. पण तो दुसरा गट नसता, तर ‘२६पैकी ७ सुधारले’ एवढीच बातमी आली असती आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

जपानचं अर्धवट खरं आहे. डिसेंबर २०१८मध्ये तिथे एका ठरावीक उत्पादनाला मान्यता मिळाली : पेशंटच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून शिरेतून द्यायच्या. पण ती अटी घातलेली आणि ठरावीक मुदतीची मान्यता होती, आणि तिच्यामागे १३ पेशंट होते. तेराही जणांना उपचार मिळाला, तुलनेला कोणीच नव्हतं, आणि उपचार दिला तो इजेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, म्हणजे माणूस एरवीही सुधारत असतो त्याच काळात. जगभरच्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच त्यावर टीका केली. त्याच देशातल्या केयो विद्यापीठात दुसरं, जास्त सावध काम चालू आहे. त्यांनी प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेशी चार जणांच्या मज्जारज्जूत सोडल्या, पहिल्याच्या डिसेंबर २०२१मध्ये, आणि २०२५मध्ये सांगितलं की दोघांत ठळक सुधारणा दिसली. मलाही ती बातमी वाचून बरं वाटलं. पण चार म्हणजे चार. आणि तुमच्या क्लिनिकच्या बाटलीत यातलं कुठलं काय आहे, हे त्यांनी तुम्हाला लेखी दिलंय का?

‘करून तर बघू, नुकसान काय’ असं घरात कोणी म्हणत असेल, त्यांच्यासाठी एक गोष्ट. एका तरुणीच्या नाकातल्या अस्तराचा तुकडा तिच्या मज्जारज्जूत बसवला होता. त्या अस्तरातल्या काही पेशी वासाच्या नसांना वाट करून देतात, तशीच इथे देतील ही कल्पना. आठ वर्षांनी तिची पाठ दुखायला लागली. उघडून पाहिलं तर मज्जारज्जूत गाठ झालेली, तिच्यात नाकासारख्याच पेशींच्या पिशव्या आणि आत घट्ट शेंबूड. पेशींनी नाकाचंच काम इमानेइतबारे चालू ठेवलं होतं. हे २०१४मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. बीजिंगमध्ये अशा प्रकारचं पेशीरोपण करून घेतलेल्या सात जणांना परदेशी डॉक्टरांनी आधी आणि नंतर तपासलं होतं, त्यांचा अहवाल २००६चा. सातपैकी पाच जणांना मेंदूज्वरासारख्या गुंतागुंतींना तोंड द्यावं लागलं, आणि सातांपैकी कोणाचीही उपयोगी पडेल अशी सुधारणा झाली नाही.

तुमच्या भावाला सातव्या आठवड्यात काय हवं, तर पाठीला फोड होऊ न देणारी गादी आणि दर दोन तासांनी कूस, लघवीची नीट लावलेली पद्धत, आणि रोजचा व्यायाम. फोड झाला तर पुढचे महिने पालथं झोपण्यात जातात आणि व्यायाम बंद पडतो. पुढे खरी ट्रायल समोर आली तरी उघड्या फोडामुळे बहुधा तिथूनही परत पाठवतात. आधी कुठल्या पेशी टोचून घेतल्या असतील तरी बऱ्याच ट्रायल्स दार लावतात. हा मुद्दा क्लिनिकवाले सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

प्रश्न : माझ्या मुलाचा अपघात झाला तेव्हा त्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यायला अकरा तास लागले. ऑपरेशन त्याच रात्री झालं. पण नंतर एकानं सांगितलं की आठ तासांच्या आत स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळालं असतं तर तो चालला असता. चार वर्षं मला झोप नाही. — एक आई

बाई, तुम्हाला ज्यानं हे सांगितलं त्यानं अर्धी गोष्ट सांगितली. उरलेली मी सांगते.

१९९०मध्ये अमेरिकेतली एक मोठी ट्रायल छापून आली, ४८७ पेशंटांची. मिथाइलप्रेडनिसोलोन नावाचं स्टिरॉइड फार मोठ्या मात्रेत, २४ तास. सगळे पेशंट एकत्र धरले तर फरक दिसला नाही. मग त्यांनी वेळेनुसार गट पाडले, आणि आठ तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्यांत थोडी सुधारणा दिसली. थोडी म्हणजे मोजपट्टीवरचे काही गुण. ‘चालला असता’ अशी नव्हे. एवढ्यावर ‘आठ तास’ हा मंत्र जगभर पसरला. पुढे लोकांनी खोदून विचारायला सुरुवात केली : हा आठ तासांचा गट आधी ठरवला होता की नंतर सापडला? दुसरीकडे इंजेक्शनानं जंतुसंसर्ग, पोटात रक्तस्राव यांचं प्रमाण वाढतं हे दिसत होतं. डोक्याला मार लागलेल्या दहा हजारांवर लोकांत स्टिरॉइड वापरून पाहिलं, तर स्टिरॉइड मिळालेल्यांत मृत्यू जास्त निघाले. २०१३मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या संघटनांनी हे इंजेक्शन वापरू नये असं स्पष्ट लिहिलं. २०१७मध्ये दुसऱ्या एका तज्ज्ञगटानं आठ तासांच्या आत एक पर्याय म्हणून ठेवायला हरकत नाही, असं म्हटलं. म्हणजे जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांचंही याबाबत एकमत नाही, आणि दोष तुम्ही एकट्या चार वर्षं वाहताय.

मी ज्या वॉर्डात शिकले तिथे भिंतीवर हे इंजेक्शन किती किलोला किती याचा तक्ता चिकटवलेला असायचा. मग एक दिवस तो काढला. चिकटपट्टीचे चार डाग राहिले. कोणी काही समजावून सांगितलं नाही. तुम्हाला सांगणाऱ्याच्या डोक्यात अजून तो तक्ता असणार.

तुमच्या मुलाचं ऑपरेशन त्याच रात्री झालं. मज्जारज्जूवरचा दाब लवकर, २४ तासांच्या आत, काढलेला बरा, याला मात्र बऱ्यापैकी पुरावा आहे. २०१२मध्ये छापलेल्या ३१३ पेशंटांच्या अभ्यासात लवकर ऑपरेशन झालेल्यांत दोन ग्रेडनं सुधारणारे जास्त होते. ती गोष्ट तुमच्याकडून वेळेत झाली. आता झोपा.

प्रश्न : अकरा वर्षांपूर्वी मान मोडली, सी-६, म्हणजे मानेतली सहावी पातळी. मनगट उचलता येतं, बोटं नाहीत. पाठीत इलेक्ट्रोड बसवून लोक चालतात असे व्हिडिओ येतात. मित्र पाठवत राहतात. मला याचा काही उपयोग आहे का, की मी फार जुना झालो?

जुने झालात म्हणून कोणी परत पाठवेल असे दिवस थोडे मागे पडताहेत, ही चांगली बातमी. बाकी जरा विस्तारानं.

व्हिडिओतली गोष्ट खोटी नाही. अमेरिकेत लुईव्हिलला सुझन हार्केमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (निकाल २०११मध्ये छापून आला) एका तरुणाच्या कमरेच्या भागात, मज्जारज्जूच्या आवरणावर, १६ इलेक्ट्रोडची पट्टी बसवली. त्याआधी त्यानं २६ महिन्यांत १७० वेळा ट्रेडमिलवर सराव केला होता आणि काही फरक पडला नव्हता. करंट चालू केल्यावर तो स्वतःच्या पायांवर वजन घेऊन काही मिनिटं उभा राहिला. काही महिन्यांनी करंट चालू असताना पाय मनानं हलवू लागला. करंट बंद, की हालचाल बंद. मोजणारीच्या नजरेनं हे मला फार मोलाचं वाटतं, कारण एकाच माणसात चालू आणि बंद असं बघता येतं. आपोआपच्या सुधारणेवर कोणी ढकलू शकत नाही. ज्या इजेत हालचाल पूर्ण गेली असं आम्ही लिहितो तीतही काही धागे शिल्लक असू शकतात हे तिथे दिसलं.

पण व्हिडिओत न दिसणारा भाग असा. २०१८मध्ये त्याच गटानं चार जणांचं काम छापलं. त्यातले दोघे आधार घेऊन जमिनीवर चालले. एकाला त्यासाठी ८५ आठवड्यांत २७८ सराव लागले, दुसऱ्याला १५ आठवड्यांत ८१. दोघांनाही आधीपासून इजेच्या खाली थोडी जाणीव होती. उरलेले दोघे उभे राहिले, बसताना तोल सावरू लागले, चालले नाहीत. एकाचं तर सराव करताना खुब्याचं हाड मोडलं, कारण वर्षानुवर्षं वजन न पडलेली हाडं ठिसूळ होतात. तुमचीही अकरा वर्षांत झाली असतील. कुठल्याही उभं करणाऱ्या मशीनवर चढण्याआधी हाडांची घनता तपासून घ्या.

आता तुमच्या बोटांकडे वळू. २००४मध्ये ६८१ जणांना विचारलं होतं की एकच गोष्ट परत मिळणार असेल तर कुठली मागाल. मान मोडलेल्यांचं सगळ्यात मोठं उत्तर होतं हात. चालणं नव्हे. पाठ मोडलेल्यांत लैंगिक क्षमता सगळ्यात वर होती, आणि दोन्हींकडे लघवी-शौचावरचा ताबा चालण्याच्या आसपास किंवा वर. चालण्याचे व्हिडिओ पाठवणारे मित्र हे ओळखत नाहीत, त्यांचा दोष नाही. चालणं कॅमेऱ्यात दिसतं. लघवीच्या पिशवीशिवाय बाहेर पडणं दिसत नाही.

हातांसाठी अलीकडचं काम म्हणजे मानेच्या मागे, कातडीवरच इलेक्ट्रोड चिकटवून दिलेला करंट. ऑपरेशन नाही. २०२४मध्ये १४ केंद्रांतल्या ६० जणांचा निकाल आला : आधी दोन महिने नुसता हाताचा व्यायाम, मग दोन महिने व्यायाम आणि करंट. ७२ टक्के जणांत ताकद आणि हाताचं काम दोन्ही सुधारलं. यात इजेला ३४ वर्षं झालेलेही होते, तेव्हा तुमचे अकरा फारच कोवळे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्या उपकरणाला मंजुरी मिळाली. माझी कुरकूर अशी की वेगळा तुलनेचा गट नव्हता, आणि आता करंट चालू आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण आधीचे दोन महिने नुसता व्यायाम ठेवला हे शहाणपणाचं होतं. इजेला इतकी वर्षं झालेल्या माणसाचा हात आपोआप सुधारत नाही, म्हणून मी हा निकाल पहिल्या पत्रातल्या आकड्यांपेक्षा खूप जास्त मानते. ‘कम्प्लीट ए’ लोक त्यात घेतले नव्हते. तुमची ग्रेड पत्रात नाही, ती काढून घ्या.

याखेरीज एक जुनी, चकचकीत नसलेली वाट. सी-६ला कोपर वाकवणारे एकापेक्षा जास्त स्नायू चालू असतात. त्यातल्या एकाचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हाताच्या सर्जननं अंगठ्याला जोडला की अंगठा आणि तर्जनीच्या बाजूत किल्ली धरता येते. हे वर्षानुवर्षांनीही करता येतं. चालू असलेली नसच बंद स्नायूला जोडण्याचं तंत्रही आहे. ऑस्ट्रेलियात १६ जणांवर अशा ५९ जोडण्या केल्या, ते २०१९मध्ये छापून आलं. पण ते सगळे इजेनंतर दीड वर्षाच्या आतले होते. तुमच्या बाबतीत कुठलं जमेल ते हाताचा सर्जनच बघून सांगेल. किल्ली फिरवणारा माणूस मी पाहिला आहे. तो ती फिरवून झाल्यावर कुलूप परत लावतो आणि परत उघडतो. पाच-सहा वेळा.

प्रश्न : प्रयोगशाळेत मज्जारज्जू तुटलेले उंदीर चालायला लागतात असं वीस वर्षं ऐकतोय. माणसांपर्यंत का येत नाही?

तीस वर्षं म्हणा. उंदराच्या मज्जारज्जूत धाग्याला काही मिलिमीटर वाढलं तरी पुढची जोडणी सापडते. आपला मज्जारज्जू साधारण ४५ सेंटिमीटर लांब, आणि नवा धागा वाढला तर दिवसाला मिलिमीटरभर. उंदराची इजा एकसारखी असते, एकाच उंचीवरून एकच वजन टाकलेलं. माणसाची प्रत्येकाची वेगळी. आणि उंदीर चार पायांवर चालतो, त्याला मेंदूच्या हुकमाची आपल्याइतकी गरज नसते.

एक उदाहरण देते. झुरिकचे मार्टिन श्वाब यांनी शोधून काढलं की आपल्याच मज्जारज्जूत धाग्यांची वाढ अडवणारं एक प्रथिन असतं. ते अडवलं तर उंदरांत धागे वाढतात, हे १९९०मध्ये छापलं. माणसांवरच्या नीट तुलना केलेल्या ट्रायलचा निकाल यायला २०२४ उजाडलं. मुख्य कसोटी होती हातांची ताकद. दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. ज्यांची इजा ‘कम्प्लीट’ नव्हती अशांत काही फायदा दिसतो असं संशोधक म्हणतात. असेलही. पण वरच्या आईच्या पत्रातला आठ तासांचा गट आठवा, आणि पुढची ट्रायल फक्त त्याच लोकांवर होईपर्यंत थांबा.

प्रश्न : नवऱ्याला एका ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणतात. चिठ्ठी टाकून ठरणार औषध की खोटं औषध. आमच्यावर प्रयोग करून घ्यायचा आणि वर खोटं औषध? सासरे म्हणतात नको. सही करू का?

सही नवऱ्याची, तुमची नव्हे, तो शुद्धीवर असेल तर. हे पहिलं.

दुसरं, खोट्या औषधाच्या गटात गेलेला माणूस फसला असं सासऱ्यांना वाटतं, पण अजून कोणालाच माहीत नाही की कुठला गट सुदैवी. पांढऱ्या पेशींच्या त्या ट्रायलमध्ये काहीच न मिळालेले १७ जण काही मागे राहिले नाहीत. नेहमीचे उपचार आणि व्यायाम दोन्ही गटांना सारखेच मिळतात. मिळणार आहेत ना, हे विचारा.

मी असते तर आणखी एवढं विचारलं असतं. यासाठी आम्हाला पैसे द्यावे लागणार का? उत्तर ‘हो’ आलं तर चप्पल घालून उठा. ट्रायलमध्ये औषधाचे पैसे पेशंट देत नसतो. ती सार्वजनिक नोंदवहीत नोंदवली आहे का, नंबर द्या. इजा झाली तर उपचार कोण करणार, किती काळ? मध्येच सोडता येईल का? यात आलो तर पुढच्या दुसऱ्या ट्रायलला बाद होऊ का? आणि मोजणार कोण? औषध देणारा डॉक्टरच मोजणार असेल तर माझं मन लागणार नाही.

आणखी एक सांगायचं राहतं, ते लोकांना फार लागतं. ट्रायल अर्ध्यावर बंद पडू शकते, आणि कारण औषधाचं नसू शकतं. भ्रूणातल्या स्टेम सेलपासून केलेल्या पेशी माणसाच्या मज्जारज्जूत पहिल्यांदा सोडल्या त्या ऑक्टोबर २०१०मध्ये, अमेरिकेत, जेरॉन कंपनीच्या ट्रायलमध्ये. वर्षभरात, नोव्हेंबर २०११मध्ये, कंपनीनं ती थांबवली. कारण पैसा. त्या ट्रायलमध्ये एकूण पाच जणांना पेशी मिळाल्या. पुढे दुसऱ्या कंपनीनं काम उचललं, पण त्या पाच घरांत तेव्हा काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार करते. नवऱ्याला हे सही करण्याआधी सांगा.

प्रश्न : माझा भाऊ (पहिलं पत्र माझंच) रोज तासन्‌तास डाव्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसतो. आई म्हणते हलला. मला कधी हलल्यासारखा वाटतो, कधी नाही. बघू द्यावं का?

बघू द्या. थांबवून थांबणार नाही.

पण माझी एक चूक सांगते. नवीन होते. एका पोराची तिसऱ्या महिन्यातली तपासणी. ‘अंगठा वर उचल’ म्हटलं, त्यानं दात ओठ खाल्ले, श्वास रोखला, आणि डावा अंगठा हलला. त्याची आई माझ्या खांद्याशी उभी होती. तिनं तोंडावर हात ठेवला. मी त्या रकान्यात १ लिहिला. १ म्हणजे हालचाल नाही, नुसता स्नायू आवळल्याचं दिसणं किंवा बोटाला जाणवणं. पण कागदावर ती ‘बी’ आणि ‘सी’मधली भिंत असू शकते. दुपारी आमच्या सीनियर बाईंनी परत तपासलं. त्यांनी आईला चहाला पाठवलं. घोट्यापुढचा कंडरा बोटाखाली धरला, ‘उचल’ म्हणाल्या, ‘सोड’ म्हणाल्या, ‘उचल’ न म्हणताच नुसता खोल श्वास घ्यायला सांगितला. अंगठा श्वासाबरोबर हलला. तो स्पॅझम होता; पोट आवळलं की पाय आपोआप ताठायचा. त्यांनी माझा १ खोडून ० केला, शेजारी सही केली, आणि बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, “तुला तो दिसला, की हवा होता?”

त्या आईला ते कोणी सांगायचं यावर आमची बराच वेळ टोलवाटोलवी झाली. शेवटी मीच सांगितलं. ती म्हणाली, तुम्हीच तर लिहिलं होतंत.

तर घरी असं करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, जेवणाआधी. पाय सैल, पांघरूण बाजूला. ‘उचल’ म्हणा, तीन आकडे मोजा, ‘सोड’ म्हणा. पाच वेळा. मधे दोनदा काही न सांगता नुसता श्वास घ्यायला लावा. पाचांपैकी चार वेळा सांगितल्यावरच हलला आणि श्वासाला हलला नाही, तर तारीख घालून वहीत लिहा आणि फिजिओला दाखवा, त्या वेळी मी खूष होईन. एरवीच्या सहा दिवशी त्याला बघायचं तर बघू द्या, पण वहीत काही लिहू नका. आणि मोजायला शेजारचा एखादा शाळकरी मुलगा बसवा. आईंना त्या वेळी चहा टाकायला सांगा.